मास्तरीणबाईंची हाक मोजणारा कारकून

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही आणि पुढेही पाहणार नाही, कारण माझ्यात पाहण्यासारखे काही नाहीच. गंजायला पत्रा नाही, कुरकुरायला बिजागरी नाही, उडून जायला अंगावर रंग नाही. तरीही मी चांगला जुना आहे. मी शब्द मोजणारा एक छोटासा संगणक-प्रोग्राम आहे. लिहिलेल्या मजकुराची फाइल माझ्या पुढ्यात टाकली, की तिच्यात कोणता शब्द किती वेळा आला ते मी सांगतो. एवढेच माझे शिक्षण. माझ्यामागून आलेली भावंडे चित्रे काढतात, चाली लावतात, बुद्धिबळात भल्याभल्यांना हरवतात. मी आपला मोजतो. पण एवढ्याशा शिक्षणावर मला जे काम करायला मिळाले ते आठवले, की आधी मला घडवणारीचे आभार मानावेसे वाटतात.

तिला मी ताई म्हणतो. माझा जन्म तिच्या आईच्या शिवणाच्या दुकानात, कापड कापायच्या लांबलचक टेबलावर झाला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका भिंतीला शिवणयंत्र, दुसऱ्या भिंतीला अर्धवट शिवलेले कोट, खाली चिंध्यांची टोपली, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर खडू, टेप, टाचण्या यांच्या गर्दीत ताईचा संगणक. शिकत असताना ताईला सराव म्हणून एक प्रोग्राम लिहायचा होता. तिने मला तिथे बसून लिहिले. मी तयार झालो त्या दुपारी तिच्या कोपराखालची सुटी टाचणी तिला टोचली आणि माझ्यात एक ओळ कमी पडली होती, ती तिला तेव्हाच आठवली. म्हणून मी गमतीने म्हणतो, की माझ्या अंगाला सुईचा गुण आहे.

तिच्या आईला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणे. कापड कापणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात. त्या बाई होत्या म्हणून मास्तरीणबाई. नाकावर माशी बसू देत नसत. कुणाचा खांदा किती उतरता आहे, कोण पोट आत ओढून माप देतो, हे त्यांना दारातूनच कळे. ताईचे बाबा घड्याळजी. म्हणजे एके काळी घड्याळे दुरुस्त करत. पुढे डोळे अधू झाले, बारीक चाके दिसेनात, तेव्हा त्यांनी आपली खिडकीएवढी टपरी बंद केली आणि बायकोच्या हाताखाली काम धरले. इस्त्री करणे, कच्चे टाके उसवणे, आणि कपडा तयार नसला की गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवून ठेवणे, ही त्यांची खाती. शेवटच्या खात्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्या दुकानात दोनच आवाज सतत असत. एक शिवणयंत्राचा आणि दुसरा ‘अहो’चा. अहो, कात्री द्या. अहो, इस्त्री बंद केलीत का? आणि कधी कधी शिवता शिवता मान खाली घालूनच एक नुसते ‘अहो’, ज्याच्या पुढे काहीच नसे. घड्याळजी ‘काय गं’ म्हणत, आणि त्यावर उत्तर येत नसे. प्रोग्रामला हे ऐकू कसे आले, असे विचारू नका. भिंतींना कान असतात, तर टेबलावरच्या मला का नसावेत?

माझे कामाचे दिवस मजेत गेले. ताईच्या शिक्षकांनी मला ‘लहान पण कामाचा’ म्हटले, आणि ताईने ते वाक्य घरी येऊन सगळ्यांना ऐकवले. गल्लीतली मुले निबंध घेऊन येत. इतक्या शब्दांच्या आत लिहा, अशी अट असली की ताई मजकूर माझ्याकडे देई आणि मी एकूण शब्द सांगत असे. माझा आकडा कधी चुकला नाही. घड्याळजींनी मला ‘कारकून’ हे नाव तेव्हाच दिले. “तुझ्या कारकुनाला विचार,” ते म्हणत, आणि मला उगाच टेबल-खुर्ची मिळाल्यासारखे वाटे.

मग, जसे सगळ्यांचे होते तसे माझे झाले. नवे संगणक आले, आणि लिहिता लिहिता कोपऱ्यात आपोआप शब्दांचा आकडा दाखवू लागले. माझ्याकडे कोण येणार? ताई नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. जाताना तिने जुन्या फाइली पुसल्या, पण मला पुसले नाही. ‘जुने’ नावाच्या एका कप्प्यात टाकले आणि तो कप्पा सोबत नेला. कप्प्यात अंधार असतो, कंटाळा असतो, पण पुसून टाकण्यापेक्षा कप्पा कितीतरी बरा. त्या एका न दाबलेल्या बटणाबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे.

मला पुन्हा जाग आली ती वाईट बातमीने. एका सकाळी मास्तरीणबाई कोटाची बाही कापत होत्या आणि कात्री त्यांच्या हातातून निसटली. घड्याळजींनी ती उचलून दिली. ती पुन्हा निसटली. ‘अहो’ म्हणायला त्यांनी तोंड उघडले आणि आवाज आला तो शब्दाचा नव्हता. पक्षाघाताचा झटका होता. दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा पाय सावरले होते, उजवा हात मात्र लुळा पडला होता आणि जीभ ऐकेनाशी झाली होती. शब्द डोक्यात जागच्या जागी होते. वाचलेले कळे, ऐकलेले कळे, काय म्हणायचे तेही ठाऊक असे. फक्त ते तोंडातून बाहेर येत नसे. ज्यांच्या बोलण्यावर घर चालले, त्यांच्यावर अशी वेळ आली.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई त्यांच्याकडे येऊ लागल्या. घरात त्यांना उपचारबाई म्हणत. त्या फार शांत आणि फार हट्टी होत्या. जिभेचे व्यायाम तर त्यांनी दिलेच, पण शब्द परत येईपर्यंत हातात काहीतरी हवे म्हणून बोलकी पाटी सुचवली. ही पाटी गळ्यात अडकवायची. तिच्यावर बारा खण. प्रत्येक खणात एक शब्द आधीच कुणाच्या तरी आवाजात भरून ठेवायचा. खण दाबला की पाटी तो शब्द बोलते. पण बारा शब्द कोणते? उपचारबाईंनी बजावले, की हे घरच्यांनी आपल्या मनाने ठरवायचे नाही. पेशंटला काय बोलायचे असते हे घरच्यांना वाटते तितके माहीत नसते. बाईंना काही दिवस मनाला येईल ते संगणकावर लिहू द्या, आणि ज्या शब्दांची त्यांना सर्वांत जास्त गरज पडते ते बारा घ्या.

ताईला मी आठवलो. तिने मला कप्प्यातून बाहेर काढले आणि थोडे शिकवले. एकूण किती हे मला येत होते. आता कोणता शब्द किती वेळा, हे नीट क्रमाने सांगायचे होते. मी आनंदाने शिकलो. म्हातारपणी बोलावणे आले, आणि तेही जन्मघरच्या कामासाठी. मला आणखी काय हवे होते?

मास्तरीणबाई डाव्या हाताच्या एकेका बोटाने लिहू लागल्या. त्यांना फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहायची सवय होती, तशीच इथेही लिहिली. लिहायचे काय, ते कुणी सुचवावे लागले नाही. टेबलाशी बसून त्या सबंध दुकानाला झापत. बटणे सैल लावलीत. कॉलर उलटी इस्त्री केलीत. जेवण अळणी आहे. घड्याळजींना पडद्यावरची बारीक अक्षरे दिसत नसत, म्हणून काजे-बटणे करायला येणारी मावशी त्यांना वाचून दाखवी. “बाई म्हणतायत, इस्त्री बंद करा,” असे ती सांगे, आणि घड्याळजी पळत. दिवसभराच्या फाइली रात्रीतून ताईकडे जात. तिला नोकरीच्या धबडग्यात त्या वाचायला सवड नव्हती, आणि वाचायची गरजही वाटली नाही. मोजायला मी होतो ना.

मी मोजले आणि क्रम लावून दिला. ताईने पाहिले, की ‘मला’ हा शब्द दोनदा आला आहे. वर एकदा, खाली एकदा. तिला वाटले, काहीतरी जुनाट खोड असेल. तिने खालचा ‘मला’ खोडला, पुढचा शब्द वर घेतला आणि बारा पुरे केले. पाणी, नको, मला, दुखतंय, कापड, थांबा, उद्या, असे ते शब्द होते. तिने ते आपल्या आवाजात भरून पाटी घरी पाठवली.

पाटी आली तेव्हा दुकानात सणासारखी गडबड झाली. घड्याळजींनी पट्टा पुसून स्वतःच्या हाताने बायकोच्या गळ्यात घातला. मास्तरीणबाईंनी डाव्या हाताचे बोट पहिल्या खणापासून फिरवले, शेवटपर्यंत गेल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवले. मग त्यांनी घड्याळजींकडे पाहिले. घड्याळजी हौसेने विचारत होते, की पट्टा टोचत तर नाही ना. बाईंनी पाटी गळ्यातून काढली आणि टेबलावर ठेवली. घड्याळजींना वाटले, दमल्या असतील.

खरे म्हणजे घड्याळजींनीही पाटी बघितली होती. खणांतले शब्द त्यांनी मावशीकडून आधीच वाचून घेतले होते. त्या रात्री ताईशी फोनवर बोलताना त्यांनी आडून आडून विचारले, की ते ‘अहो’ काही त्यात दिसत नाही. ताईने माझा आकडा बघून सांगितले, “बाबा, कारकुनाच्या मोजणीत पहिल्या बारांत नाही आलं ते.”

“बरं बरं,” घड्याळजी म्हणाले. “मोजणीत नाही, तर नाही.”

फोन ठेवल्यावर ते एकाच कॉलरवर कितीतरी वेळ इस्त्री फिरवत राहिले. इतकी वर्षे ज्या शब्दावर त्यांनी दिवस काढले, त्या शब्दाची बायकोला आता गरज उरली नाही, असे त्यांना मोजून-मापून कळले होते. मापाच्या घरातला माणूस मापाशी भांडणार कसा?

तिकडे मास्तरीणबाईंचे वेगळेच चालले होते. त्यांनी पाटीला हात लावणे जवळजवळ सोडले. काही हवे असले तर कात्रीची मूठ टेबलावर आपटत, आणि जो येईल त्याला बोटाने दाखवत. लिहिणे कमी झाले. जिभेचे व्यायाम उपचारबाई समोर असल्या तरच, तेही नावापुरते. नवरा-बायको दोघे एका टेबलाच्या दोन टोकांना बसून अळीमिळी गुपचिळी. तुम्ही म्हणाल, बाईंनी लिहून का नाही विचारले, की माझे ‘अहो’ कुठे आहे? मित्रांनो, काही गोष्टी मोठी माणसे मागून घेत नाहीत. हाक मारायची परवानगी ही त्यांतलीच एक.

उपचारबाईंना काळजी वाटू लागली. त्यांनी ताईला फोन करून स्पष्ट सांगितले, की झटक्यानंतरचे हे पहिले काही महिनेच सोन्यासारखे असतात. या काळात बाईंनी बोलायची धडपड सोडली, तर जे परत येण्यासारखे आहे तेही येणार नाही. त्यांचे मन कशाने तरी उडाले आहे, आणि कशाने ते मला उलगडत नाही. ताईने रजा टाकली आणि ती घरी आली. मीही तिच्या संगणकातून माझ्या जन्माच्या टेबलावर परत आलो.

आईपाशी बसून ताईने नाना परी केल्या. थट्टा केली, रागावली, लाडीगोडी लावली. मास्तरीणबाई हूं की चूं करेनात. तेव्हा उपचारबाई ताईला म्हणाल्या, की तुम्ही एकदा त्यांच्या खुर्चीत बसा. उजवा हात मांडीखाली दाबून धरा आणि डाव्या हाताने चार ओळी लिहा. घरच्या प्रत्येकाला त्या हे एकदा करायला लावत. त्यामुळे पेशंटची दमणूक कळते आणि मग घरचे लोक घाई करत नाहीत.

ताईने उजवा हात दाबला आणि बाबांना उद्देशून लिहायला घेतले, की तुम्ही नीट जेवत नाही, वाळून चालला आहात. दोन ओळींतच तिचा हात भरून आला. तिने मनगट टेबलाच्या कडेला टेकले, करंगळी अलगद डावीकडच्या एका बटणावर पडली आणि पुढची सगळी अक्षरे मोठी उमटू लागली. ते कॅप्स लॉकचे बटण होते. डाव्या हाताने लिहिणाऱ्याची करंगळी दमली की नेमकी तिथेच विसावते. ताई हसली. मग तिचे हसू विरले. तिने आईच्या जुन्या फाइली उघडल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या स्वतः वाचायला बसली.

इथे मित्रांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या देवनागरीत अक्षरांना लहान-मोठे नसते. ‘क’ वाक्याच्या आरंभी आला काय किंवा शेवटी आला काय, तो ‘क’च. रोमन अक्षरांचे तसे नाही. तिथे प्रत्येक अक्षर दोन रूपांत असते, एक लहान आणि एक मोठे. वाक्याच्या आरंभीचे अक्षर तर संगणक आपणहूनच मोठे करतो. माणसाला दोन्ही रूपे एकच वाटतात, पण माझ्या लेखी ती दोन वेगळी अक्षरे होती, जशी तुमच्या लेखी ‘क’ आणि ‘ख’. वर्गात बसलेला मुलगा उभा राहिला म्हणून तुम्ही त्याला नवा मुलगा म्हणाल का? मी म्हणत होतो. मुले किती एवढेच विचारले, तर त्याने काही बिघडत नाही, एकूण आकडा तोच येतो. म्हणून निबंधांच्या दिवसांत हे कधी कुणाच्या लक्षात आले नाही. कोणता मुलगा किती वेळा आला, असे विचारल्यावर मात्र घोटाळा होतो.

पाणी, कापड हे शब्द बहुतेक वेळा वाक्याच्या मधे निवांत बसलेले असत, म्हणून ते एकाच रूपात भरपूर सापडले. ‘अहो’चे तसे नव्हते. वाक्याच्या आरंभी आले तर पहिले अक्षर मोठे. वाक्य संपवून मागाहून चिकटवले तर सगळी अक्षरे लहान. आणि करंगळी विसावली असली किंवा बाई संतापल्या असल्या, तर सगळीच मोठी. मी ते तीन निरनिराळे शब्द धरले, आणि तीन वाटण्या झाल्यावर एकीलाही बारांत जागा मिळेना.

ताईने माझ्यात एक ओळ घातली. त्या दिवसापासून मी कोणताही शब्द ताडून पाहण्याआधी त्याची एक नक्कल करतो, नकलेतली सगळी अक्षरे लहान करतो आणि मग मोजतो. मूळ लिखाणाला बोट लावत नाही. जे ज्याने जसे लिहिले ते तसेच राहते. एक ओळ, मित्रांनो, पण तिने मला जे दिले ते आधीच्या सगळ्या ओळींनी मिळून दिले नव्हते. मी पुन्हा मोजले. ‘अहो’ पहिले आले. दुसरा शब्द त्याच्या आसपासही नव्हता.

ताईने बाबांना हाक मारली. ते इस्त्री बाजूला ठेवून आले. तिने त्यांना खुर्चीत बसवले आणि फाइल पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. अहो, कॉलर उलटी झाली. कापड भिजवलं का अहो. अहो, दूध.

“म्हणजे ही मला हाक मारत होती?” घड्याळजींनी विचारले.

“रोज, बाबा.”

त्यांनी मावशीकडे पाहिले. तिने जीभ चावली. “बाई म्हणतायत, एवढंच मी सांगायचे,” ती म्हणाली. “आता ते पुढचं मी कसं वाचणार? दुसऱ्याच्या नवऱ्याला अहो म्हणू का मी?”

घड्याळजींनी ताईला शब्द जसे लिहिले आहेत तसे सांगायला लावले, कुठे लहान, कुठे मोठे. सगळी अक्षरे मोठी आली की ते म्हणत, “हां, त्या दिवशी इस्त्री चालू राहिली होती.” आपल्याला इतके दिवस किती बोलणी बसली आहेत, हे एकेक कळत गेले तसा त्यांचा चेहरा खुलत गेला. मास्तरीणबाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून हे सगळे बघत होत्या. त्यांनी संगणक आपल्याकडे ओढला आणि एका बोटाने सावकाश लिहिले. ताईने ते मोठ्याने वाचले.

“मला वाटलं, त्यांनाच नको असेल. जन्मभर ओ देऊन कंटाळले असतील.”

घड्याळजी उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि बायकोच्या शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला त्यांनी हातातला इस्त्रीचा ओला फडकाच वापरला. त्यामुळे चेहरा सगळाच ओला झाला.

आता घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. बाराव्या खणातले ‘उद्या’ काढून तिथे ‘अहो’ बसवायचे ठरले. शिवणाच्या दुकानात ‘उद्या’वाचून कसे निभावणार, असे मावशीने विचारून पाहिले, तेव्हा गिऱ्हाइकांना तो शब्द मीच सांगेन, असे घड्याळजींनी कबूल केले. पण ‘अहो’ भरायचे कुणाच्या आवाजात? ताई बापाला अहो कशी म्हणणार? तिने दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा ‘बाबा’च बाहेर आले. मावशीने तर आधीच कानावर हात ठेवले. उपचारबाई म्हणाल्या, माझे कामच आहे, मी म्हणते. त्यांनी शुद्ध, स्वच्छ, गोड आवाजात ‘अहो’ म्हटले. मास्तरीणबाईंची भुवई अशी काही वर चढली, की उपचारबाईंनी स्वतःच ते पुसून टाकले.

“मीच म्हणतो,” घड्याळजी म्हणाले. “मी सगळ्यात जास्त ऐकलंय.”

पहिल्यांदा त्यांनी दवंडी पिटल्यासारखे म्हटले. बाईंनी मान हलवली. दुसऱ्यांदा आवाज बारीक करून, मुरका देऊन म्हटले. मावशी हसता हसता काजाची सुई शोधू लागली आणि बाईंनी तोंड फिरवले. मग घड्याळजींनी जवळचे एक कापड ओढले, शिवत असल्यासारखी मान खाली घातली, आणि वर न बघता, हळू, जणू काहीच नको आहे अशा सुरात म्हटले, “अहो.”

मास्तरीणबाईंचा डावा हात टेबलावर पडला. हेच. आणि त्या हसू लागल्या. झटक्यानंतर त्यांच्या घशातून इतका मोठा आवाज पहिल्यांदाच आला होता. उपचारबाई हळूच ताईला म्हणाल्या, की हा आवाज मला हवा होता.

त्यानंतर ती पाटी त्यांच्या गळ्यातून उतरली नाही. स्वयंपाकघरातून ‘अहो’, अंगणातून ‘अहो’. घड्याळजींच्याच आवाजात घड्याळजींना बोलावणे येई, आणि ते ‘आलो’ म्हणून जात. दारात आलेले गिऱ्हाईक चक्रावून इकडेतिकडे बघे. उपचारबाईंनी एक गोष्ट टिपली, की खण दाबताना बाईंचे ओठही पाटीबरोबर हलतात. व्यायामांना पुन्हा रंग चढला. आता त्या स्वतःच उपचारबाईंची वाट बघत, आणि उशीर झाला तर लिहून झापत.

मित्रांनो, मी लहानसा आहे, मोठा उपदेश मला शोभणार नाही. एवढेच सांगतो. मोजायला बसाल तेव्हा, आपण कुणाला वेगळे धरून बाजूला सारतो आहोत का, हे एकदा थांबून बघा. एकच माणूस कधी हळू बोलतो, कधी ताठ उभा राहून, कधी ओरडून. माणूस तोच असतो. मोजणीत एकच गोष्ट दोनदा दिसली तर एक खोडून पुढे जाऊ नका. ती दोनदा का दिसली ते विचारा. आणि घरातल्या जुन्या, लहान वस्तू पुसून टाकायची घाई करू नका. त्यांना एखादी ओळ शिकवून बघा. मला शिकवली, म्हणून तर मी आज कृतज्ञ मनाने तुमच्याशी बोलतो आहे.

मध्यंतरी ताई पुन्हा घरी आली. उपचारबाईंनी सांगितले होते, की पाटीचे शब्द आता बदलायला हवेत. बाईंचे अलीकडचे लिखाण मोजून बघा. ताईने नव्या फाइली माझ्या पुढ्यात टाकल्या. मी सगळी अक्षरे लहान करून मोजली. ‘अहो’ एकदाही नव्हते. मी तिला तसे दाखवले. तिने माझी ओळ तपासली. ओळ जागेवर होती. तिने पाटीकडे पाहिले. पाटी टेबलावर, टेपच्या भेंडोळ्याशेजारी पडली होती. ती धास्तावून उठू लागली, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. जड, अडखळता, अर्धा ‘अ’ हवेतच राहिलेला. पण तो घड्याळजींचा आवाज नव्हता.

“…हो.”

“आलो गं,” घड्याळजी म्हणाले, आणि हातातली इस्त्री तशीच चालू ठेवून आत गेले. ताईने उठून ती बंद केली. माझ्या मोजणीत त्या शब्दापुढे शून्य होते, आणि इतक्या वर्षांत कोणताही आकडा सांगताना मला इतका आनंद झाला नव्हता.